दर हिवाळ्यात मधमाश्यांची पेटी दगावते? आधी आतल्या झाकणाची खालची बाजू बघा

तक्रार साधारण अशी असते. पानगळीच्या दिवसांत पेटी चांगली जड होती, माश्याही भरपूर होत्या. बर्फ पडला, पेटी बाहेरून धडधाकट दिसत राहिली. हिवाळा सरत आला, ऊन तापलं, शेजारच्या पेटीतल्या माश्या बाहेर येऊन फेरी मारून गेल्या. या पेटीवर मात्र हालचाल नाही. उघडून बघितलं तर आत ओल, बुरशी, पोळी धरणाऱ्या लाकडी चौकटींच्या मधे काळपट पडलेला मेलेल्या माश्यांचा गोळा आणि मध जवळजवळ तसाच. पुढच्या वर्षी नवी वसाहत आणली, पेटी आणखी जाड गुंडाळली, तरी पुन्हा तेच.

यावर हमखास मिळणारं उत्तर म्हणजे ‘थंडी सोसली नाही’. माझ्या मते हे निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं. त्यापायी माणूस दर वर्षी भिंती गुंडाळत बसतो आणि वरच्या झाकणाकडे बघतच नाही. मोठी, निरोगी, कोरडी आणि पोटभर मध असलेली वसाहत उणे २० अंशांतही तग धरते. ती मरते तेव्हा या चारपैकी काहीतरी बिघडलेलं असतं. पुष्कळदा ‘कोरडी’ हेच बिघडलेलं असतं, म्हणून आधी पाण्याचं बघू.

पाणी येतं कुठून?

बर्फ वितळून आत शिरतो असं वाटतं, पण गळकं छप्पर सोडलं तर बहुतेक पाणी माश्याच तयार करतात. तापमान १४ अंशांच्या आसपास उतरलं की त्या चौकटींच्या मधे दाटीनं बसून गोळा करतात. बाहेरच्या थरातल्या माश्या डोकं आत करून बसतात. आतल्या माश्या पंख न हलवता पंखांचे स्नायू थरथरवून ऊब तयार करतात. पिलावा, म्हणजे अंडी-अळ्या-कोष, असेल तेव्हा मध्यभागी ३४-३५ अंश राखले जातात, पिलावा नसेल तेव्हा त्याहून बरंच कमी. सगळ्यात बाहेरच्या माश्यांना जेमतेम दहाएक अंश मिळतात. त्याहून खाली गेलं की माशी गारठून सुटते आणि तळपाटावर पडते.

या उबेचं इंधन म्हणजे मध. मधात १७-१८ टक्के पाणी आधीच असतं, आणि साखर शरीरात जळताना आणखी पाणी तयार होतं. दोन्ही मिळून एक किलो मधामागे साधारण ६५० ते ७०० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. बर्फाळ भागातली वसाहत हिवाळाभरात १५ ते २५ किलो मध सहज संपवते, कधी जास्तही. म्हणजे दहा ते सतरा लिटर पाणी हळूहळू त्या लाकडी पेटीतून बाहेर जायला हवं.

गोळ्याकडून उठलेली ऊबदार, दमट हवा सरळ वर जाते. वरचं झाकण बर्फासारखं गार असेल तर वाफ तिथेच थिजते, आणि वरणाच्या पातेल्यावरच्या झाकणाला धरावेत तसे थेंब खालच्या बाजूला धरतात. कडाक्याच्या रात्री हे थेंब गोठतात. दिवसा जरा ऊन लागलं की वितळून थेट गोळ्यावर टपकतात. कोरड्या माश्यांना अंगावरच्या लवेत अडकलेली हवा ऊब धरून ठेवायला मदत करते. लव भिजली की ती मदत संपली. म्हणून कित्येकदा वसाहत सगळ्यात थंड रात्री मरत नाही, नंतर दोन दिवस हवा मऊ पडते तेव्हा मरते.

भिंतीवर ओल धरली तर तेवढं बिघडत नाही. ते पाणी भिंतीवरून खाली उतरतं, दरवाज्यातून निघून जातं, कधी माश्या ते पितातही. बाधतं ते डोक्यावर पडणारं पाणी. सगळी दुरुस्ती याच एका गोष्टीभोवती फिरते: पेटीचा सगळ्यात गार पृष्ठभाग गोळ्याच्या वर असता कामा नये.

मेलेली पेटी वाचायची कशी

बुरशी दिसली की ओलीनं मेली, असं लगेच ठरवू नका. मेलेल्या माश्यांवर बुरशी नंतर धरतेच, मरण्याचं कारण काहीही असो. बुरशीच्या पलीकडे बघा.

आतलं झाकण, म्हणजे छपराखालची चौकटींवर बसणारी फळी, उचला आणि उलटं करून उजेडात धरा. गोळा होता त्याच्या बरोबर वर लाकडावर मोठा काळपट डाग, लाकूड फुगलेलं, कडेला पाण्याचे ओघळ, चौकटींच्या वरच्या पट्ट्या ओल्या, आणि खाली ठीकठाक आकाराचा भिजलेला गोळा, आजूबाजूला सीलबंद मध. असं सगळं एकत्र दिसलं तर पाणी हेच कारण.

गोळा लहानसा, मूठभर माश्या आणि एखादी राणी, मध भरपूर, तळपाटावर प्रेतं मात्र फारशी नाहीत, तर संशय व्हरोआ माइटवर, म्हणजे माश्यांवर जगणाऱ्या बारीक परजीवी किडीवर घ्या. पिलाव्याची रिकामी चौकट उन्हाकडे तिरकी धरून घरांच्या आत, वरच्या बाजूला बघा. मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके घरांच्या छताला चिकटलेले दिसले तर ती व्हरोआची विष्ठा. इतकी खात्रीची खूण दुसरी नाही, आणि ती बघायला भिंगही लागत नाही.

माश्या घरांत डोकं खुपसून, शेपट्या बाहेर अशा मेलेल्या आणि गोळ्याला लागून मधाचा थेंब नाही, तर ती उपासमार. यात फसवणारा प्रकार असा की दोन चौकटी सोडून पलीकडे मध भरलेला असतो. कडाक्याच्या थंडीत गोळा आडवा सरकू शकत नाही, तो वर सरकतो. वर मध संपला की पलीकडच्या मधाचा काही उपयोग नाही.

कुरतडलेली पोळी, गवताचं घरटं, मुताचा वास, अर्धवट खाल्लेल्या माश्या म्हणजे उंदीर. चौकटींवर आणि पेटीच्या आतून-बाहेरून तपकिरी ओघळ म्हणजे हगवण. तिच्यामागे खराब खाद्य असेल किंवा नोसीमा हा माश्यांच्या आतड्यांतला परजीवी. नोसीमाचं निदान नुसत्या डोळ्यांनी होत नाही, सूक्ष्मदर्शक लागतो.

आणखी एक गोष्ट, आणि हिच्यात हयगय नको. पिलाव्याच्या घरांची झाकणं खचलेली, भोकं पडलेली, आत तपकिरी चिकट लगदा, काडी घालून ओढली तर तार निघते, कुजका वास येतो, असं असेल तर हा अमेरिकन फाउलब्रूड, म्हणजे पिलाव्याचा जिवाणूजन्य रोग, असू शकतो. त्याचे बीजाणू पोळ्यांत कित्येक दशकं जिवंत राहतात. ती पेटी, त्या चौकटी, तो मध दुसऱ्या वसाहतीला देऊ नका, तपासणी होईपर्यंत पेटी बंद करून ठेवा.

पाण्याची दुरुस्ती

सुरुवात वरून करा. लँगस्ट्रॉथ पेटीची, म्हणजे उचलता येणाऱ्या चौकटींच्या नेहमीच्या पेटीची, भिंत जेमतेम १९-२० मिलिमीटर लाकडाची असते आणि झाकण बहुतेक त्याहून पातळ, वर नुसता पत्रा. ज्या झाडाच्या ढोलीत माश्या एरवी राहतात तिथे डोक्यावर कितीतरी जाड लाकूड असतं. तेव्हा आतल्या झाकणावर बांधकामात वापरतात ती कडक फोमची पाटी, निदान ५ सेंटिमीटर जाड, पेटीच्या मापाची कापून ठेवा आणि त्यावर बाहेरचं झाकण. पाटी कडेपर्यंत यायला हवी. कोपरा उघडा राहिला तर नेमकं तिथेच दव धरतं. छत आणि भिंती दोन्ही करण्याइतका वेळ नसेल तर भिंती सोडा आणि छत करा. नुसत्या भिंती गुंडाळून छत पातळ ठेवलं तर सगळ्यात गार जागा गोळ्याच्या डोक्यावरच राहते. पेटी ‘आणखी जाड’ गुंडाळूनही तीच गत का होते, त्याचं कारण बहुधा हेच असतं.

दुसरा उपाय म्हणजे भुशाची पेटी. फ्रान्समधले पाद्री एमिल वारे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जी मधपेटी बनवली, तिच्यात छपराखाली भुसा भरलेला १० सेंटिमीटरचा कप्पा असायचाच. आपल्या पेटीवर तेच करायचं. ८-१० सेंटिमीटर उंचीची, वरखाली उघडी चौकट घ्या. तळाला बारीक तारेची जाळी ठोका, तिच्यावर गोणपाट किंवा जाड सुती कापड घाला. जाळी खाली हवीच, नाहीतर माश्या गोणपाट कुरतडतात. वर सुताराच्या रंध्यातून पडतात तशा लाकडाच्या पातळ ढलप्या सैलसर भरा. करवतीचा बारीक भुसा नको, तो पाणी धरून घट्ट गोळा होतो आणि कापडातून खाली झडतो. ढलप्यांच्या वरच्या पातळीला दोन बाजूंना एकेक भोक पाडून जाळी लावा, म्हणजे वाफ तिथून निघून जाईल. ही पेटी बसवायची तर आतलं लाकडी झाकण काढून टाका, नाहीतर वाफ ढलप्यांपर्यंत पोहोचतच नाही.

मधूनमधून वरचं झाकण उचलून ढलप्यांत हात घाला. वरचा थर दमट आणि खाली कापडाजवळ कोरडं असेल तर काम चोख चाललंय. तळापर्यंत ओलं असेल तर ढलप्या बदला आणि बाजूची भोकं बुजलीत का बघा.

फोम आणि भुशाची पेटी यातलं काय निवडावं, यावर मधपाळांचं एकमत होणं अवघड आहे. माझं मत असं: हवा कोरडी आणि वारा फार असेल तर फोम, हवा दमट आणि उणे-अधिक होत राहणारी असेल तर भुशाची पेटी. दोन्ही एकत्रही चालतात, फोम वर आणि ढलप्या खाली, फक्त बाजूची भोकं फोमनं झाकली जाऊ देऊ नका.

वर भोक ठेवायचं की नाही? छत पातळ असेल तर बोट जाईल एवढं एक भोक वरच्या कप्प्यात पुढच्या बाजूला हवं. त्यातून दमट हवा जाते आणि खालचा दरवाजा गोठला तर माश्यांना बाहेर पडायला वाटही मिळते. छत जाड असेल तर याहून मोठं भोक ठेवून ऊब घालवू नका. खालून जाळीचा तळपाट असेल तर वाऱ्याच्या जागी त्याखालची पाटी सरकवून बंद करा. उघड्या जाळीची बाजू घेणारे आहेत, पण मोकळ्या माळावर खालून वारा घुसतो तिथे मला ते पटत नाही.

पेटीची मागची बाजू एखाद्या सेंटिमीटरनं उचलून ठेवा, पाणी साचलंच तर दरवाज्याकडे वाहील. गुंडाळायला प्लॅस्टिक घट्ट ओढू नका. डांबरी कागद चालतो, काळा असल्यानं ऊनही घेतो. पण कागदापेक्षा वाऱ्याची आडोसा-भिंत जास्त कामाची. आणि पेटी परसातल्या सखल कोपऱ्यात असेल तर ती हलवायचं मनावर घ्या, गार दमट हवा रात्री तिथेच येऊन बसते.

पाणी बाहेरूनही आत जातं, ते पाकाच्या रूपात. थंडी तोंडावर आल्यावर पातळ पाक दिला तर माश्यांना तो आटवायला आणि सील करायला वेळ मिळत नाही. तो उघडा राहतो, आंबतो, वाफेत भर घालतो. शेवटचा पाक दोन भाग साखर आणि एक भाग पाणी असा वजनानं दाट हवा, आणि दिवसाचं तापमान दहा-बारा अंशांच्या खाली जायच्या आत संपलेला हवा.

पण बर्फ पडून गेलाय, आता काय?

भर हिवाळ्यात चौकटी उपसू नका. वारा नसेल तर झाकण काही सेकंद उचलता येतं, तेवढं पुष्कळ आहे. आधी सगळं सामान हाताशी ठेवा, मगच उचला.

झाकणाखाली थेंब दिसले तर पुसून फोमची पाटी आताच ठेवा, पुढच्या वर्षाची वाट बघू नका. सोबत कोरडी साखर द्या. चौकटींच्या वर वर्तमानपत्राचा कागद पसरा, गोळ्याच्या जागी छोटी चीर पाडा, कडेनं हवेला जागा सोडा. कागदावर पांढरी साखर ओता आणि पाण्याचा हलका फवारा मारा, म्हणजे ती घट्ट बसून राहते. बसवायला पेटी आणि झाकण यांच्या मधे साताठ सेंटिमीटर उंचीची, पेटीच्या मापाची वरखाली उघडी चौकट घालावी लागते. ही साखर दोन कामं करते: वरची दमट हवा शोषते आणि वर सरकलेल्या गोळ्याला खायला मिळतं. माश्यांनी कागद कुरतडून साखरेला खालून बोळ पाडलेलं दिसलं की समजा, आतला मध संपत आलाय. साखर पांढरीच हवी. गूळ किंवा तपकिरी साखर नको, तिच्यातला न पचणारा भाग माश्यांच्या पोटात साठतो आणि बाहेर पडता येत नसताना हगवण लागते. पाक तर या दिवसांत मुळीच नको.

खाद्याकडे सगळ्यात जास्त लक्ष हिवाळ्याच्या शेवटी द्या. दिवस मोठा व्हायला लागला की राणी अंडी घालू लागते, पिलाव्याला ३४-३५ अंश लागतात आणि मधाचा खप एकदम वाढतो. पेटी मागून एका हातानं जराशी उचलून वजनाचा अंदाज घ्या. पानगळीत हाच अंदाज घेऊन ठेवला असेल तर फरक हाताला कळतो. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बघा.

जिवंत आहे की नाही हे कळायला पेटी ठोकत बसू नका. कान बाजूला लावून बोटानं एकदा हलकं टकटक करा. गुणगुण चढून लगेच शांत झाली तर सगळं ठीक. गुणगुण बराच वेळ रडक्या सुरात चालू राहिली तर राणी नसल्याची शंका. काहीच ऐकू आलं नाही तरी मेली असं समजू नका, गोळा खोल किंवा लहान असू शकतो. वरच्या भोकाभोवती सकाळी हिमाची झालर धरलेली असेल तर कान लावायचीही गरज नाही, आतून कोणीतरी श्वास सोडतंय.

बर्फाबद्दल विनाकारण घाबरणारे खूप. भुसभुशीत बर्फातून हवा जाते, दरवाजा त्याखाली गेला म्हणून माश्या गुदमरत नाहीत. छपरावरचा आणि भिंतीलगतचा बर्फ ऊबच धरतो, तो राहू द्या. काढायचा तो दरवाज्यावर गोठलेला कडक थर, तोही हातानं, फावडं आपटून नाही, कारण हादऱ्यानं गोळ्यातल्या माश्या सुटतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दरवाज्याच्या आतून मेलेल्या माश्यांचा बुच्चा बसतो. टोक वाकवलेली तार घालून अधूनमधून त्या बाहेर ओढा.

बर्फावर मेलेल्या माश्या आणि पिवळे-तपकिरी शिंतोडे दिसले तर ते चांगलं लक्षण समजा. माश्या पेटीत शौच करत नाहीत, आठवडेच्या आठवडे धरून ठेवतात आणि दहाएक अंशांचं ऊन मिळालं की बाहेर येऊन मोकळ्या होतात. त्यात काही म्हाताऱ्या बर्फावर पडणारच. ताज्या बर्फावर उन्हाची चकाकी फार असेल तर दरवाज्यापुढे एक फळी तिरकी टेकवा, भलत्या वेळी बाहेर येणं कमी होतं.

कोरडी ठेवूनही मेली तर

मग व्हरोआकडे वळा, आणि तिथे हिवाळ्यात करण्यासारखं थोडंच उरतं. उन्हाळ्यातली कामकरी माशी पाच-सहा आठवडे जगते. हिवाळ्यातली चार-सहा महिने जगायला हवी, आणि ती उन्हाळा सरताना, पानगळीच्या सुरुवातीला जन्मते. त्याच वेळी माइट सर्वात जास्त असतात. कोषात असतानाच पोखरली गेलेली माशी हिवाळा काढत नाही. गोळा आठवड्यागणिक लहान होत जातो, आणि लहान गोळ्याला ऊब धरता येत नाही. म्हणून मोजणी उन्हाळ्याच्या उत्तरार्धात करा. पिलाव्याच्या चौकटीवरून अर्धा कप, म्हणजे साधारण ३०० माश्या घ्या, राणी त्यात नाही ना हे आधी बघा, अल्कोहोलमध्ये हलवून धुवा, माइट मोजा. शंभर माश्यांमागे दोन-तीन निघाले तर उपचार लगेच हवा. औषध तुमच्या भागात परवानगी असलेलं, आणि लेबलावर जसं लिहिलंय तसंच. ऑक्झॅलिक आम्ल पिलावा नसलेल्या दिवसांत चांगलं काम करतं, कारण सीलबंद घरातल्या माइटपर्यंत ते पोहोचत नाही. वापरताना मास्क आणि हातमोजे हवेतच.

उंदरांसाठी थंडी पडायच्या आत दरवाज्याला ९ मिलिमीटरच्या आसपास भोकं असलेली जाळी लावा. उशीर केला तर उंदीर आत कोंडला जातो.

दगावलेली पेटी सापडली त्याच दिवशी तिचा दरवाजा बंद करा. उघडी राहिली तर पहिल्या ऊबदार दिवशी बाकीच्या पेट्यांतल्या माश्या मध लुटायला येतील आणि आत जो काही रोग असेल तो घरी नेतील. फाउलब्रूडची शंका नसेल तर मेलेल्या माश्या झटकून चौकटी मोकळ्या हवेत सुकवा. पोळ्यांवरची थोडी बुरशी नवी वसाहत स्वतः साफ करते. हगवणीनं माखलेली पोळी मात्र वितळवून टाका. आतलं झाकण डागाळलं, फुगलं असेल तर तेही बदला, आणि नवी वसाहत घालायच्या आधी फोमची पाटी कापून तयार ठेवा.